दीपमाला जी.चे वडील

"मीटिंगला ह्या खेपेला तुम्हालाच जावं लागतंय," सत्यभामा म्हणाली, तेव्हा गुंडेराव बिरादार ट्रॅक्टरच्या टायरमध्ये छातीपर्यंत शिरून आतली चीर शोधत होते.

"कसली मीटिंग?" टायरमधून आवाज आला.

"दीपमालाच्या कॉलेजात. आईबापाची. दर खेपेला मी जाते, पण उद्या माझ्या भावाच्या नातवाचं बारसं हाय दुबलगुंडीला. अकराला बोलावलंय. वरच्या मोठ्या हॉलात..."

"माहीत हाय."

"काय माहीत हाय? आजवर एकदा तरी गेलाव का?"

"बिदर माहीत हाय, कॉलेज माहीत हाय, पोरगी माहीत हाय. अजून काय लागतंय?"

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

दीपमाला त्यांची थोरली. ती झाली तेव्हा गुंडेरावांनी नाव ठेवण्याचा आत्याचा हक्क मोडून काढून हे नाव स्वतः ठेवलं होतं. "लोकांनी एकेक ज्योत लावावी, आपण आख्खी माळ लावू," असं ते चार पाहुण्यांत म्हणाले होते. दुसरी दीपमाला पंचक्रोशीत नाही, याचा त्यांना अजून अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते बिदरच्या बसमध्ये बसले. खिडकीशी जागा मिळाल्यावर त्यांना पोरगी आठवली. मन्नाएखेळ्ळीच्या आपल्या टायरच्या दुकानात, लॉरीच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसून पाय हलवत चुरमुरे खाणारी. मळलेल्या हातानं गिऱ्हाइकाला नट काढून देणारी. त्यानंतरचं मात्र नीट आठवेना. मधली काही पानं कुणीतरी फाडून नेल्यासारखी वाटली. एकदम आठवला तो बिदरमधल्या मैलूरच्या वसतिगृहात तिची पेटी टाकली तो दिवस. त्याच दिवशी दुकानाला नवं शटर बसवायचं होतं, म्हणून ते पेटी दारातच ठेवून परतले होते. शटरचा रंग अजून उडाला नव्हता. म्हणजे ही परवाचीच गोष्ट.

टायरच्या नक्षीवरून नुसतं बोट फिरवून गाडी किती पळाली ते सांगणारा माणूस, म्हणून हायवेवर गुंडेरावांची ख्याती होती. पण शटरवरून पोरीचं वर्ष काढायला ते पहिल्यांदाच बसले होते.

कॉलेजच्या दारात टेबल टाकून नरसिंग नावाचा शिपाई दोन याद्या घेऊन बसला होता.

"कुणाचे वडील?"

"दीपमालाचे."

"दीपमाला जी.?"

"जी. म्हणजे गुंडेराव. म्हणजे मीच," गुंडेराव खुशीत म्हणाले. आपलं नाव पोरीच्या नावामागं इंग्रजी अक्षर होऊन उभं आहे, हे त्यांना फार आवडलं.

"फर्स्ट इयर का सेकंड?"

"फर्स्ट. परवाच तर घातलीय."

नरसिंगनं दाखवलेल्या रेघेवर त्यांनी झोकदार सही केली आणि खालच्याच खोलीत जाऊन बसले. वरच्या हॉलचं काहीतरी सत्यभामा म्हणाली होती खरी, पण शिपायाला जास्त माहीत असणार.

खोलीत तीस-पस्तीस आईबाप पोरांच्या बाकांवर गुडघे कोंबून बसले होते. विभा मॅडम एकेक नाव घेत होत्या. दीपमालाचं नाव आलं आणि गुंडेरावांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"बर्री, बर्री, पुढं येऊन कुंदर्री," मॅडम समोरची खुर्ची दाखवत कानडीत म्हणाल्या. "शेवटी आलात म्हणायचं. कितीदा बोलावलं तुम्हाला!"

"दुकान सोडून येणं व्हत न्हाई, मॅडम."

"तुम्ही मराठी? दीपमाला तर वर्गात कानडीच बोलते."

गाव सुटलं की बोली बदलतेच, असं मनाशी म्हणून गुंडेराव हसले. ते त्या दिवसाचं त्यांचं शेवटचं हसू.

मॅडमनी वही उघडली. शंभरात बावन्न दिवस हजेरी. लॅबमधल्या काचेच्या तीन नळ्या फोडल्या. तासाला मागच्या बाकावर बसून मेंदी काढते. स्वतःच्या हातावर काढते तर काढते, शेजारणीच्याही काढते. आणि रजेचे अर्ज. मॅडमनी अर्ज एकावर एक टेबलावर मांडले.

"जूनमध्ये आजी वारली म्हणून चार दिवस रजा. बरं, माणूस जातं. जुलैत पुन्हा आजी वारली. मला वाटलं, आईची आई असेल. पण ऑगस्टमध्ये तिसरी आजी कुठून आली, साहेब?"

खोलीत मागून कुणीतरी खिक्क केलं.

"आमची आई ठणठणीत हाय, मॅडम," गुंडेराव कसेबसे म्हणाले. "सकाळीच भाकरी खाल्ली."

"मग ही सही कुणाची?"

अर्जाखाली वळणदार कानडी सही होती. गुंडेरावांचं शिक्षण मराठी शाळेतलं. त्यांनी जन्मात कानडीत सही केली नव्हती. दुसरा कुणी असता तर इथंच थांबून विचार करता. गुंडेरावांनीही विचार केला, पण तो असा, की पोरगी किती बेरकी झाली बघा, बापावर आळ येऊ नये म्हणून सहीची भाषाच बदलली.

"रागावू नका," मॅडम आवाज खाली आणत म्हणाल्या. "पोरगी वाईट नाही. मी तिला एकदा जवळ बसवून विचारलं. ती म्हणाली, घरात अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. चांगलं केलं तरी नाही, वाईट केलं तरी नाही. मी कितवीत आहे हेसुद्धा त्यांना माहीत नसेल."

हे मात्र गुंडेरावांच्या वर्मी लागलं. "असं कसं म्हणती?" ते उठून उभे राहिले. "माहीत कसं नसंल? फर्स्ट इयर!"

आणि मग त्यांचं त्यांनाच भरून आलं. तीस-पस्तीस अनोळखी माणसांपुढं हात जोडून ते म्हणाले, "चुकी पोरीची न्हाई. माझी हाय. मी लक्ष दिलं न्हाई. तुमच्यापैकी बी कुणी दिलं नसलं तर द्या." दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मॅडमनी हमीपत्र पुढं केलं. 'माझ्या मुलीची वागणूक व हजेरी यांची जबाबदारी मी घेत आहे' यावर त्यांनी सही केली, ती साधी; झोक गेला होता.

हमीपत्राच्या दोन झेरॉक्स आणायच्या होत्या. बाहेरच्या दुकानात लाइट गेलेली. वाट बघत उभं राहावं लागलं तेव्हा गुंडेरावांना इतकं एकटं वाटलं की त्यांनी सत्यभामाला फोन लावला. दुबलगुंडीत पाळण्याची गाणी रंगात आली होती आणि कुणीतरी हौसेनं लाउडस्पीकरही लावला होता.

"अगं, आईला मारलं!"

"काय? मोठ्यानं बोला!"

"आई! माझी आई मेली म्हणून..." एवढ्यात फोन तुटला. 'म्हणून अर्जात लिहिलंय' हे तसंच तोंडात राहिलं. परत लावला तर लागेना. जाऊ दे, घरी गेल्यावर सविस्तर सांगू, असं ठरवून त्यांनी फोन खिशात टाकला.

लाइट यायला पाऊण तास लागला. झेरॉक्स घेऊन गुंडेराव परतले तेव्हा सगळे आईबाप बाहेर आले होते. व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाजवळ एक उंच मुलगी लोकांना पेल्यांतून पाणी देत होती. तिच्या ओढणीला कागदाचं फूल टाचलं होतं. तिला ओलांडून गुंडेराव दोन पावलं पुढं गेले आणि मग लक्षात आलं, हीच ती.

"आज्जीला मारताना लाज वाटली न्हाई का?" ते ओरडले.

पाणी पिणारे थांबले. एका म्हाताऱ्याला ठसका लागला.

"कुठल्या आज्जीला, अप्पा?"

"मलाच इचारायलीस? तीन वेळा मारलीस! जूनात, जुलैत, ऑगस्टात! बापाची खोटी सही करती, काचा फोडती, मेंदी काढती! आज तुझ्यापायी सगळ्या खोलीपुढं हात जोडले मी. हे बघ, लिहून दिलंय!"

दीपमालानं शांतपणे पेला ठेवला, ओढणीला हात पुसले, हमीपत्र घेतलं आणि पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. रागाच्या भरातही गुंडेराव अडखळले.

"चष्मा कवा लागला तुला?"

"दहावीत. वाचायला लागतो. मी वाचत बसते तवा तुम्ही दुकानात असता."

तिनं कागद खालपर्यंत वाचला. वर लिहिलेला वर्ग पुन्हा एकदा बघितला. मग घडी घालून बापाच्या हातात परत दिला आणि शेजारच्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "अप्पा, मी सेकंड इयरला हाय."

गुंडेरावांना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

"फर्स्ट इयरला दुसरी दीपमाला हाय. तिच्या वडिलांचं नाव गुरुबसवप्पा. ती बी दीपमाला जी.च. कायम आमच्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडं व्हत्यात." ती थोडी थांबली. "माझी मीटिंग वरच्या हॉलात होती. फर्स्ट इयरला मी कॉलेजात पहिली आले ना, तर पालकांचा सत्कार होता. आईला सांगितलं होतं मी."

"मग? झाला का सत्कार?"

"झाला."

"कुणाचा?"

"त्यांचा. गुरुबसवप्पांचा."

गुंडेरावांनी हमीपत्र खिशात कोंबलं. ते पिंपाशेजारच्या पायरीवर बसले. तोच खिशातला फोन वाजला. त्यांची आई बोलत होती.

"कामून रं गुंड्या, मी मेल्याचं मला कामून सांगितलं न्हाईस?"

"आई..."

"मी हितं ओट्यावर शेंगा फोडत बसलेय, तर जीपभर बाया येऊन गळ्यातच पडल्या की! तुझ्या बायकूनं तर रडून रडून हुंबऱ्यावरच बसकण मारली. बारसं अर्धं सोडून आलीयत सगळी, उपाशी. आता मी जिवंत हाय तर ह्यांना मलाच रांधून घालावं लागंल न्हवं?"

"चुकून झालं, आई."

"मरण चुकून कसं व्हतंय रं?" असं म्हणून म्हातारीनं फोन ठेवला.

दीपमाला खालचा ओठ दातांत धरून उभी होती. हसू आवरायला का रडू आवरायला, ते गुंडेरावांना कळेना. आपल्या पोरीचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, हे आणखी एक कळलं. ते तटकन उठले.

"कुठं हाय तो माणूस? शाल त्याच्या बापाची हाय का? आत्ता जाऊन सांगतो."

"नगा अप्पा."

"कामून?"

"मी तिथंच होते, हॉलात. तुमची खुर्ची मोकळी होती, मला वाटलं तुम्ही आलाच न्हाईत." हे तिनं तक्रार न करता सांगितलं, म्हणून जास्तच लागलं. "मग ते आले. 'दीपमाला जी.चे वडील' म्हणून पुकारलं तवा ते स्टेजवर चढले आन् शाल घेताना रडायले. हमसून हमसून. ती दारात उभी होती माझ्याजवळ. तिनं माझा हात गच्च धरला. काय बोलली न्हाई, नुसता धरला. मग मी बी काय बोलले न्हाई."

गुंडेराव बघत राहिले. ट्यूबमध्ये बसून पाय हलवणारी पोरगी इतकी मोठी कधी झाली? आणि ती होत असताना आपण नेमके कुठल्या टायरमध्ये शिरलो होतो?

एवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाकडून एक आडवातिडवा माणूस येताना दिसला. खांद्यावर शाल, हातात पेढ्यांचा पुडा, मागं मेंदीभरल्या हातांची एक बारकी मुलगी. दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत तो पिंपाजवळ पोचला.

"घ्या री, पेढा घ्या! माझी पोरगी पहिली आली!" तो कानडी हेलात म्हणाला.

गुंडेरावांनी पेढा घेतला.

"पोरींकडं लक्ष द्यावं लागतंय री," गुरुबसवप्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "नुसतं फी भरून भागत न्हाई. बापानं जवळ बसावं, इचारावं."

"व्हय," गुंडेराव मान खाली घालून म्हणाले. "खरं हाय तुमचं."

मेंदीवाली मुलगी एकदम रडवेली झाली. दीपमालानं तिचा हात धरला आणि पेले विसळायचं निमित्त करून तिला नळाकडं घेऊन गेली. दोघी लांब गेल्या, तसा गुरुबसवप्पांचा आवाज उतरला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि गुंडेरावांच्या अगदी जवळ सरकले.

"मन्नाएखेळ्ळीचं टायरचं दुकान तुमचंच न्हवं?"

गुंडेराव दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या नखांतलं टायरचं काळं बघून. स्टेजवर माइकमधी सांगितलं. दीपमालाच्या वडिलांचं मन्नाएखेळ्ळीला टायरचं दुकान, टायरवाल्याची पोरगी पहिली आली म्हणून. माझा तर गुळाचा धंदा, अण्णा. तवाच कळलं. पण शाल अंगावर पडली होती."

"मग सांगितलं का न्हाईत?"

"पोरगी दारात उभी होती." गुरुबसवप्पांनी पुड्याचा दोरा उगाच बोटाला गुंडाळला. "टाळ्या वाजवायली होती. माझी पोरगी, माझ्यासाठी. तिनं आजवर माझ्याकडं तसं कधी बघितलं न्हाई. मी बी तसं काय केलं न्हाई म्हणा, बघायसारखं. पाय उतरंचनात स्टेजवरून."

"पण तुम्ही वर गेलाव कसे?"

"दारातला शिपाई म्हणाला, फर्स्ट इयरच्या दीपमालाचे वडील सही करून बसलेत, तुम्ही वरच्या हॉलात जा. मला वाटलं, वर्षं जाताना कुठं कळतंय, गेली असंल पोरगी वरच्या वर्गात."

गुरुबसवप्पांनी शालीचं टोक धरलं. "ही घ्या. तुमची हाय. पाया पडू का?"

"राहू द्या खांद्यावर," गुंडेराव घाईनं म्हणाले. "काढलीत तर पोरीला दिसंल. दोघींना बी."

"तुम्ही भले माणूस हाव." गुरुबसवप्पांनी नाक पुसलं. मग त्यांना आठवलं, आणि चेहऱ्यावर भीती आली. "खाली माझ्या पोरीचं काय म्हणाल्या मॅडम?"

गुंडेरावांच्या डोळ्यांपुढून बावन्न दिवस, तीन नळ्या आणि अर्जांची थप्पी सरकत गेली. खिशात हमीपत्र होतं. नळाजवळ दोन दीपमाला डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजत होत्या.

"आज्जीवर लई जीव हाय म्हणाल्या," ते म्हणाले. "आन् तुम्ही तिच्याशी बोलत न्हाईत, म्हणाल्या. बाकीचं तीच सांगंल. पण आज तुम्ही तिच्याजवळ बसा आन् मगच ऐका."

गुरुबसवप्पांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. पोरीला हाक मारली आणि बसस्टँडकडं निघाले. चार पावलांवर थांबून त्यांनी पुड्यातला एक पेढा तिला दिला. कसा द्यायचा असतो हे माहीत नसल्यासारखा, हात लांब करून.

दीपमाला परत आली. "अप्पा, वरच्या यादीत तुमची सही राहिली. मला परीक्षेचा फॉर्म भरायचाय, सही नसली तर घेत न्हाईत."

दोघं दारातल्या टेबलाशी गेले. नरसिंग याद्या गुंडाळत होता.

"सेकंड इयर, दीपमाला जी.," दीपमाला म्हणाली. "वडिलांची सही करायचीय."

"तिचे वडील केव्हाच सही करून गेले. शाल पांघरून गेले." नरसिंगनं मान वर करून गुंडेरावांकडं बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही तर सकाळी फर्स्ट इयरला बसला होताव. आता सेकंड इयरचे वडील कसे? सगळ्या वर्गांचे वडील तुम्हीच का?"

मागं उभ्या असलेल्या दोन बायका पुढं वाकून ऐकू लागल्या. गुंडेराव मनातल्या मनात उजळणी करू लागले. पोरीचा रोल नंबर विचारला तर? जन्मतारीख विचारली तर? नाव सांगावं, तर नावानंच तर सगळा घोळ झाला होता. त्यांनी घाम पुसला.

"ए पोरी, तू सांग," नरसिंग म्हणाला. "हे कोण तुझे?"

दीपमालानं बापाकडं बघितलं. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हातात अर्धा पेढा तसाच राहिला होता. तिनं नरसिंगच्या हातातून पेन घेतलं आणि गुंडेरावांच्या बोटांत दिलं.

"अप्पाच हायत माझे," ती म्हणाली. "यायला जरा उशीर झाला त्यांना."